लायसन्स हातात आलं, पायलट व्हायचं बाकी आहे

भाच्याला कमर्शियल पायलटचं लायसन्स मिळालं त्या दिवशी ताईनं अख्ख्या गल्लीत कुंदा वाटला. संध्याकाळी शेजारच्या काकांनी त्याला गाठलं. ‘मग, कुठलं विमान चालवतोस बाबा?’ पोरगं हसलं. ‘अजून नाही काका, बघूया.’ काकांना ते काही उमगलं नाही. ट्रॅक्टरचं लायसन्स काढलेला पोरगा दुसऱ्या दिवशी उसाच्या ट्रॉल्या ओढायला लागतो, मग याचंच काय अडलं?

पुढं कधीतरी मी काकांना उलट बाजूनं विचारलं. हा पोरगा सगळे मिळून 200 तास उडालाय. उद्या बेंगळूरच्या विमानात पुढच्या सीटवर तो दिसला तर तुम्ही मागं बसाल का? काका क्षणभर थांबले. ‘200च? मग नको रे बाबा.’

लायसन्स असून काम का नाही, आणि एवढ्याशा सरावावर माणसं भरलेलं विमान हातात कसं देतात, हे दोन्ही प्रश्न खरे आहेत. दोन्हींचं उत्तर लायसन्सनंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत सापडतं. बेळगावजवळ सांबऱ्याच्या विमानतळावर उड्डाण शिकवणाऱ्या संस्था आल्यापासून निपाणी ते खानापूरपर्यंतचे पालक ‘पोराला पायलट करूया का’ असं विचारायला लागलेत. फी किती, हे त्यांना पाठ असतं. पुढच्या या वर्षांबद्दल मात्र कुणी बोलत नाही. मी स्वतः पायलट नाही, बेळगावच्या उद्यमबागेत माझं लेथ-मिलिंगचं छोटं शेड आहे. पण भाच्याच्या पुस्तकांत डोकं घालून आणि त्याच्या बॅचच्या पोरांची बोलणी ऐकून जे समजलं ते सांगतो.

200 तास म्हणजे किती?

8 तासांची पाळी धरली तर 25 दिवस. आमच्या शेडात आयटीआय करून आलेल्या अप्रेंटिसला 25 दिवसांत काय येतं? मशीन लावणं, टूल बांधणं, मायक्रोमीटर धरणं. ड्रॉइंग बघून साधा जॉब काढतो, तेही फोरमन मागं उभा असताना. महागाचं फोर्जिंग त्याच्या चकमध्ये कुणी बांधत नाही.

तुलना थोडी ओढूनताणून आहे. हवेतल्या एका तासामागं जमिनीवर कितीतरी तास तयारी असते. शिवाय डीजीसीएचे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, पेपर आहेत. दिशादर्शन, हवामानशास्त्र, नियम, विमानाची तांत्रिक माहिती, आणि प्रत्येकात पास व्हायला 70 टक्के. बारावीला फिजिक्स-गणित, वर मेडिकल, वर रेडिओवर बोलण्याचा वेगळा परवाना. इथपर्यंत पोचलेलं पोरगं कच्चं नसतंच.

पण लायसन्सला लागणाऱ्या त्या 200 तासांची फोड बघा. त्यातले 100 तास स्वतः कॅप्टन म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी आपल्यावर. त्या 100 मध्ये एका गावाहून दुसऱ्या गावाला जाण्याचे निदान 20 तास, आणि त्यात एक प्रवास 300 नॉटिकल मैलांचा, म्हणजे साधारण 555 किलोमीटरचा, मध्ये दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून. रात्रीचं उडणं 5 तास, 10 टेकऑफ आणि 10 लँडिंग. बाहेर काही न बघता फक्त उपकरणांवर भरवसा ठेवून उडणं 10 तास, त्यातलेही 5 सिम्युलेटरवर, म्हणजे जमिनीवरच्या नकली कॉकपिटमध्ये, चालतात.

म्हणजे रात्र 5 तास आणि ढगाचा सराव 10 तास. त्यातही बरेचदा बाहेर स्वच्छ हवा असते आणि डोळ्यांवर झापड लावून ढग आहे असं समजायचं असतं. खरा ढग अंगावर घेतलेला नवा पायलट विरळाच.

सांबरा काय शिकवतो, काय नाही

सांबऱ्याची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धातली, 1942 सालची, ब्रिटिश हवाई दलानं बांधलेली. नंतर तिथं आपल्या हवाई दलाची एअरमन ट्रेनिंग स्कूल आली, ती आजही आहे. 2017 साली नवं टर्मिनल झालं, धावपट्टी 2300 मीटर झाली. 2021 साली विमानतळ प्राधिकरणानं वैमानिक प्रशिक्षण संस्थांसाठी देशातले पाच विमानतळ निवडले, त्यात जळगाव, कलबुर्गी यांच्याबरोबर बेळगाव होतं. तेव्हापासून मुतगा, निलजी, बाळेकुंद्रीच्या शेतावरून ती छोटी पांढरी विमानं घिरट्या घालतात. आमच्याकडची म्हातारी माणसं त्यांना ‘शाळेची विमानं’ म्हणतात. शाळेच्या बसला म्हणतात तसंच.

शिकायला जागा चांगली आहे. सांबरा समुद्रसपाटीपासून जवळजवळ 2500 फुटांवर आहे. उंचीवर हवा विरळ, आणि एप्रिल-मेच्या दुपारी ती तापून आणखी विरळ होते. छोट्या इंजिनाला तेवढी ताकद येत नाही, पंखाला तेवढी उचल मिळत नाही. सकाळी सातला चटकन उठणारं विमान दुपारी धावपट्टी खात बसतं. पुस्तकात याला ‘डेन्सिटी अल्टिट्यूड’ म्हणतात आणि पेपरात त्यावर गणित येतं. सांबऱ्यात तेच गणित सीटखाली जाणवतं. पश्चिमेला राकसकोपचं पाणी, उत्तरेला हिडकल, दक्षिणेला येळ्ळूरचा राजहंसगड, मधून पुणे-बेंगळूर हायवे, अशा खुणांमुळे नवशिक्या सहसा भरकटत नाही. पण जून लागला की खानापूरच्या जंगलाकडून ढग असे खाली उतरतात की राजहंसगडच दिसेनासा होतो, आणि शाळेची विमानं दिवसचे दिवस शेडात उभी राहतात.

मला जी गोष्ट उशिरा कळली ती इथंच आहे. शिकताना उडायचं की नाही हे हवा बघून शिक्षक ठरवतो. हवा बरी नाही, उड्डाण रद्द, पोरं कँटीनला. विमान कंपनीत त्याच हवेत वेळापत्रक असतं, मागं माणसं असतात, कुणाचं बेंगळूरहून पुढचं विमान असतं, कुणाचं हॉस्पिटल असतं. न उडण्याचा निर्णय तिथंही घेता येतो आणि घ्यावाही लागतो. पण तो घेण्याचा सराव 200 तासांत फारसा झालेलाच नसतो.

शिकाऊ विमानालाही अडचणी येतात. 2023 च्या मे महिन्यात सांबऱ्याहून उडालेलं एक शिकाऊ विमान जवळच्या एका शेतात उतरवावं लागलं. आत बसलेले दोघेही वाचले. इंजिन गेलं तर कुठलं शेत निवडायचं, वारा कुठून, विजेची तार कुठं, हे शिकाऊ पायलटला पहिल्या काही तासांतच शिकवतात. तेवढं तरी लायसन्स घेतलेल्या प्रत्येकाकडे असतं.

हावेरीपासूनचा हिशेब

आता मोठं विमान घ्या. सेसना 172 सारखं शिकाऊ विमान साधारण 1100 किलोचं. एअरबस 320 चं टेकऑफचं वजन 78 टनांपर्यंत जातं, म्हणजे 70 पट. उतरताना सेसना 65 नॉटच्या, म्हणजे ताशी 120 किलोमीटरच्या आसपास, एअरबस त्याच्या दुपटीहून जास्त. वेग दुप्पट म्हणजे विचार करायला वेळ निम्मा.

एक साधं उदाहरण. प्रवासी विमान साधारण 3 अंशांच्या उतारानं खाली येतं. पायलटांचा ठोकताळा असा की जितके हजार फूट उतरायचं त्याला 3 नं गुणा, तितके नॉटिकल मैल आधी उतरायला सुरुवात करा. समजा बेंगळूरहून येणारं विमान 30,000 फुटांवर आहे. सांबरा 2500 फुटांवर, म्हणजे 27,500 फूट उतरायचंय. 27.5 गुणिले 3 म्हणजे साडेब्याऐंशी मैल, आपल्या किलोमीटरमध्ये सुमारे 150. म्हणजे विमान हावेरीच्या डोक्यावर असतानाच बेळगावला उतरायचं काम सुरू झालं पाहिजे.

हे गणित नव्या पायलटला येतं, परीक्षेत तो ते सोडवूनच आलेला असतो. पण मागून वारा असला तर आणखी आधी. जमिनीवरच्या कंट्रोलरनं मध्येच ‘जरा वरच थांबा’ म्हटलं तर मग उतार तीव्र. पंख गोठू नयेत म्हणून यंत्रणा चालू असली तर विमान लवकर खाली येत नाही. यातलं प्रत्येक कलम पुस्तकात आहे, सगळी एकदम येतात ती मात्र हावेरीवर. जुना कॅप्टन हिशेब न करता म्हणतो, ‘आपण उंच आहोत.’ तो कुठून म्हणाला हे त्यालाही सांगता येत नाही. आमचा फोरमन लेथचा आवाज बदलला की पाठ फिरवलेली असतानाही ‘टूल गेलं’ म्हणतो, त्यातलाच प्रकार.

म्हणून लायसन्सवाल्याला थेट सीटवर बसवत नाहीत. आधी त्या विशिष्ट विमानाचं प्रशिक्षण, म्हणजे टाइप रेटिंग. काही आठवडे वर्ग, मग सिम्युलेटर. टेकऑफच्या ऐन क्षणी इंजिन बंद पडणं, आग, हायड्रॉलिक जाणं असलं सगळं तिथं पुन्हा पुन्हा घडवतात, कारण खऱ्या विमानात ते करून बघता येत नाही. मग खऱ्या विमानात टेकऑफ-लँडिंग. त्यानंतर प्रवाशांसह, पण शेजारी प्रशिक्षक कॅप्टन आणि सुरुवातीला मागं आणखी एक पायलट. मग चाचणी, आणि मग कुठं तो फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक. त्यातही ओली धावपट्टी, आडवा वारा असेल तर लँडिंग कॅप्टन स्वतःकडे ठेवतो. काकांनी आता निवांत बसायला हरकत नाही. उजव्या सीटवरचा नवा पोरगा एकटा नसतो.

अनुभव म्हणजे नेमकं काय साठतं?

पहिली गोष्ट म्हणजे डोक्यात रिकामी जागा. चोर्ला घाटातून पहिल्यांदा गाडी काढताना आपण गाणंसुद्धा बंद करतो. पन्नासाव्या वेळी वळणं हातच घेतात, आणि डोकं समोरून येणाऱ्या टँकरकडे असतं. नव्या पायलटचं सगळं लक्ष विमान सरळ ठेवण्यात जातं. रेडिओवर आपल्याला हाक मारली तरी ऐकू येत नाही, असं भाच्याच्या बरोबरीची पोरं सांगतात. दोन-तीनशे तास त्याच विमानात झाले की हात आपोआप चालतात, आणि मग कुठं पुढचा विचार करायला जागा मिळते.

दुसरी गोष्ट जास्त अवघड. शेजारच्या मोठ्या माणसाला ‘हे चुकतंय’ म्हणणं. आपल्याकडं तर फारच अवघड. आमच्या शेडात नवं पोरगं फोरमनला चुकलंय म्हणत नाही, घरात भाचा मामाला म्हणत नाही.

याचं उदाहरण आपल्याच कर्नाटकातलं आहे. 22 मे 2010, पहाटे सहाच्या सुमाराला दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं बोइंग 737 मंगळूरला उतरताना धावपट्टी संपून दरीत गेलं. 166 जणांपैकी 158 गेले, 8 वाचले. मंगळूरची धावपट्टी डोंगर कापून केलेली, टेबलासारखी, टोकाला खोल दरी. चौकशी न्यायालयाचे अध्यक्ष होते निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले. त्यांच्या अहवालात जे आलं ते प्रत्येक नव्या पायलटनं वाचावं असं आहे.

कॅप्टनच्या खाती 10,000 हून जास्त तास होते. उड्डाणातला बराच वेळ ते झोपले होते, हे कॉकपिटच्या रेकॉर्डिंगवरून कळलं. विमान उतरायच्या वाटेपेक्षा खूप उंच होतं. ते खाली आणायला कॅप्टननं तीव्र उतार घेतला, म्हणून वेगही जास्त. अशा वेळी नियम सरळ आहे. ठराविक उंचीपर्यंत वेग, उतार, चाकं, फ्लॅप सगळं जागेवर आलेलं नसेल तर लँडिंग सोडायचं, पुन्हा वर जायचं, फेरी मारून यायचं. याला गो-अराउंड म्हणतात. सहवैमानिकानं तीनदा गो-अराउंड सांगितलं, विमानातली यंत्रणाही जमीन जवळ येतेय म्हणून ओरडत होती. कॅप्टन उतरलेच, आणि चाकं टेकली तेव्हा अर्ध्याहून जास्त धावपट्टी मागं पडली होती.

हा सहवैमानिक शिकाऊ नव्हता. साडेतीन हजारांवर तास झालेला, कॅप्टन होण्याच्या उंबरठ्यावरचा माणूस. त्याला चूक दिसली होती, तो बोललाही होता. पण त्यानं कंट्रोल स्वतःच्या हातात घेतलं नाही, बहुधा सहवैमानिकानं स्वतःहून गो-अराउंड करावं का याबद्दल वेगवेगळ्या सूचनांमध्येच गोंधळ होता म्हणून, असं अहवालात म्हटलंय.

हे वाचून मी भाच्याला विचारलं, ‘तू घेतलं असतंस का हातात?’ तो बराच वेळ गप्प राहिला. ‘मामा, आत्ता विचारलंस तर हो म्हणतो. पण माझ्या शेजारी 10,000 तासांचा माणूस बसला असता तर माहीत नाही.’

उत्तर प्रामाणिक वाटलं. पहिली वर्षं कुणाशेजारी जातात याला म्हणून इतकी किंमत आहे. ‘तुला काय वाटतं?’ असं विचारणारा कॅप्टन नव्या पोराला बोलायची सवय लावतो. ‘गप्प बस, बघ’ म्हणणारा कॅप्टन गप्प बसायची. ती सवय पुढं वीस वर्षं जाते, आणि तेच पोरगं डाव्या, म्हणजे कॅप्टनच्या, सीटवर बसल्यावर तसंच वागतं. 1977 साली टेनेरिफच्या धावपट्टीवर दोन जंबो विमानं धडकून 583 माणसं गेली, तिथंही कॉकपिटमधल्या धाकट्यानं शंका काढली होती आणि वरिष्ठानं ती उडवून लावली होती. त्यानंतरच्या काळात कॉकपिटमध्ये बोलण्याचं रीतसर प्रशिक्षण सुरू झालं. आज ते सगळ्या कंपन्यांत सक्तीचं आहे. पण दोन दिवसांचा वर्ग आणि दोन वर्षांचा शेजार यात शेजारच जड भरतो, असं माझं मत.

तास मोजायचे की तपासायचे?

मग सरळ नियमच का करत नाहीत, की इतके तास झाल्याशिवाय प्रवासी विमानात बसायचंच नाही? अमेरिकेनं केला. 12 फेब्रुवारी 2009 ला बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान पडलं, विमानातले 49 आणि खालच्या घरातला एक, 50 माणसं गेली. वेग कमी होऊन विमान पडायच्या बेतात असताना नाक खाली करायचं असतं, कॅप्टननं ते वर ओढलं. लोक चिडले, 2010 साली कायदा झाला आणि 2013 पासून तिथं सहवैमानिकालाही साधारणपणे 1500 तास लागतात. सैन्यातून आलेल्यांना आणि ठराविक पदवीधरांना थोडी सूट.

गंमत अशी, की त्या विमानातल्या कॅप्टनचे सुमारे 3400 आणि सहवैमानिकेचे सुमारे 2200 तास झाले होते. जो नियम त्या अपघातामुळं आला, तो त्या दोघांनाही अडवू शकला नसता.

आपल्याकडं आणि युरोपात वेगळी वाट आहे. इथं 200 तासांवर विमान कंपनी घेऊ शकते, 1500 तास लागतात ते पुढच्या मोठ्या लायसन्सला, म्हणजे कॅप्टन व्हायला. नागरी विमान वाहतुकीच्या जागतिक संघटनेनं 2006 साली तर एक असंही लायसन्स आणलं की 240 तासांत, तेही बरेचसे सिम्युलेटरवर, पण पहिल्यापासून दोन पायलटांच्या कॉकपिटसाठीच तयार करायचं. अमेरिकन पायलट नाक मुरडतात, युरोपियन म्हणतात की एकट्यानं छोट्या विमानातून चकरा मारलेले 1500 तास जेटमध्ये काय कामाचे. दोघांचंही थोडंथोडं बरोबर आहे. एकट्यानं उडताना निर्णय स्वतःचा असतो, तो कणा त्यातूनच येतो. पण त्याच विमानतळाभोवती त्याच चांगल्या हवेत मारलेली हजारावी फेरी काही नवीन शिकवत नाही. आमच्याकडे दहा वर्षं एकच बुश काढणारा ऑपरेटर असतो. अनुभव दहा वर्षांचा म्हणून पगार मागतो, पण नवीन ड्रॉइंग समोर ठेवलं की घाम फुटतो.

आकड्याला किंमत आली की आकडा फुगवणारेही येतात. 2011 साली आपल्या देशात खोट्या गुणपत्रिकांवर लायसन्स घेतलेले पायलट सापडले, अटका झाल्या, आणि न उडताच लॉगबुकात तास भरल्याची प्रकरणंही बाहेर आली. असा फुगवलेला तास कॉकपिटमध्ये उघडा पडायला फार वेळ लागत नाही.

पहिली नोकरी कुठली बरी?

भाच्याच्या बॅचच्या सगळ्यांना हवी असते मोठी कंपनी, मोठं जेट. साहजिक आहे, घरच्यांनी घेतलेलं कर्ज फेडायचंय. पण लँडिंग मोजून बघा. समजा महिन्याला 70 तास उडायला मिळाले. बेळगावकरांच्या ओळखीचं ते 50 आसनी एम्ब्राअर किंवा एटीआरसारखं विमान तासाभराच्या टप्प्यांवर उडतं. म्हणजे महिन्याला 70 टप्पे, निम्मे याच्याकडे आले तर 35 लँडिंग. एअरबस 320 वर दोन तासांचे टप्पे धरले तर 17. आणि 9 तासांच्या परदेशी उड्डाणावर जेमतेम 8 टप्पे, त्यात तीन-चार पायलटांची वाटणी. महिन्याला दोन लँडिंग मिळाली तरी नशीब.

लॉगबुकात तिघांचेही 70 तासच. म्हणून मला विचाराल तर पहिली दोन वर्षं छोट्या टप्प्यांची, छोट्या गावांची. हुबळी, बेळगाव, कोल्हापूर अशी पावसात भिजणारी ठिकाणं. पगार कमी, पण घाटमाथ्यावरच्या दोन पावसाळ्यांत जे हातात बसतं ते नुसतं महानगरांमध्ये उडून लवकर मिळत नाही.

शिक्षकाची वाट आपल्याकडं अजून कमीपणाची समजतात, ‘कंपनीत घेतलं नाही म्हणून शिकवतोय’ असं. अमेरिकेत 1500 तास जमवायला बहुतेक जण हेच करतात. शिक्षकाला विद्यार्थ्याची चूक घडायच्या आधी ओळखावी लागते आणि नेमकी किती होऊ द्यायची हे ठरवावं लागतं. पुढं कॅप्टन झाल्यावर शेजारच्या नवख्याबद्दल हेच तर करायचं असतं.

चार्टरची, म्हणजे भाड्याच्या छोट्या विमानांची, नोकरी शिकवते खूप. तिथं सामान चढवण्यापासून इंधन बघण्यापर्यंत सगळं पायलटच करतो. पण मालक किंवा गिऱ्हाईक ‘चला हो, काही होत नाही’ म्हणतं तेव्हा नाही म्हणायला आधार देणारी मोठी यंत्रणा मागं नसते. अगदी नव्या पोरानं तिथं जायचं असेल तर चांगला वरिष्ठ पायलट आहे का एवढं बघूनच जावं.

आणि काहीच न मिळण्याचा काळ

सगळ्यात वाईट म्हणजे नुसतं बसणं. 2023 साली डीजीसीएनं 1622 कमर्शियल लायसन्स दिली. त्याच वर्षी एअर इंडियानं 470 आणि इंडिगोनं 500 विमानांच्या मागण्या जाहीर केल्या, आणि पेपरात मथळे आले की पायलट कमी पडणार. ही विमानं दहा वर्षांत थोडी थोडी येणार आहेत, लायसन्सवाली पोरं मात्र आत्ताच तयार आहेत. शिवाय कंपन्यांना जास्त टंचाई असते ती कॅप्टनची. नव्या सहवैमानिकाला घडवायलाही प्रशिक्षक कॅप्टनच लागतात, ते जेवढे तेवढीच पोरं आत.

या काळात हात गंजतो. सायकल विसरत नाही म्हणतात तसं हे नाही. उपकरणांवर उडताना नजर एका ठराविक क्रमानं फिरावी लागते, सहा महिन्यांच्या खंडानं तोच क्रम पहिला मोडतो. उपकरणांवर उडण्याचं रेटिंगही मुदतीत चाचणी देऊन जिवंत ठेवावं लागतं. म्हणून पालकांना मी हिशेब असा मांडायला सांगतो की लायसन्सपर्यंतचे पन्नास लाख किंवा त्याहून जास्त हा पहिला खर्च, टाइप रेटिंगचे पंधरा-वीस लाख हा दुसरा, आणि मधल्या काळात महिन्याला थोडं तरी उडायला किंवा सिम्युलेटरला जायचे पैसे हा तिसरा. हा तिसरा कुणीच धरत नाही. जमीन विकून शिकवलेलं पोरगं मग घरी बसून बँकेचा हप्ता मोजतं.

एक आणखी, मराठी माध्यमातल्या पोरांसाठी. रेडिओवरचं इंग्रजी हे पुस्तकी इंग्रजी नाही. ठराविक शब्द, ठराविक क्रम, ऐकलेलं परत म्हणून दाखवणं. सहापैकी चौथी पातळी पास व्हायला पुरते. आमच्या पोरांना घरी मराठी, बाजारात कन्नड, हायवेवरच्या ड्रायव्हरशी हिंदी अशी कानांची सवय लहानपणापासून असतेच. भाच्याला पहिले दोन महिने कंट्रोलरचं काही कळायचं नाही. मग तो रोज रात्री मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून झोपायचा, आणि ताईला वाटायचं पोरगं कुणाशी तरी बोलतंय.

दीड वर्ष वाट बघून त्यानं शिक्षकाचं रेटिंग केलं. आता दुसऱ्या राज्यातल्या एका शाळेत सहायक शिक्षक आहे. उजव्या सीटवर बसतो, डावीकडं विद्यार्थी. पोराला पहिल्यांदा एकट्यानं सोडायचा अधिकार त्याला नाही, तो मोठ्या शिक्षकाचा.

मागच्या महिन्यात रात्री त्याचा फोन आला, चाळीस मिनिटं बोलत होता. विद्यार्थी उतरताना नाक उचलायला उशीर करत होता. यानं ठरवलं की त्याला कळू दे, थोडं थांबूया, आणि जितकं थांबायचं त्यापेक्षा एक क्षण जास्त थांबला. चाकं आपटली, विमान उसळलं, यानं कंट्रोल घेतलं, पुन्हा वर नेलं, फेरी मारून नीट उतरवलं. कुणाला काही झालं नाही. खाली आल्यावर त्यानं मोठ्या शिक्षकाला स्वतःच जाऊन सांगितलं की चूक पोराची नव्हती, मी उशिरा हात घातला.

‘मग लॉगबुकात काय लिहिलंस?’ मी विचारलं.

‘काय लिहिणार मामा. एक तास दहा मिनिटं. सर्किट अँड लँडिंग.’